जीव लागत नही : साक्रीच्या मुलखातल्या उदासीचा इतिहास

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि या सणाचं वजन इथे दिवाळीच्या बरोबरीचं आहे. वैशाखाचं ऊन, रिकामी शेतं आणि माहेरी आलेल्या सासुरवाशिणी. लिंबाच्या फांदीला दोर टाकून झोका बांधतात, पोरी-बाया त्यावर गौराईची गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत सासू, नणंद, दीर, नवरा सगळ्यांचा उद्धार होतो. एरवी जे तोंडातून काढायची सोय नाही ते झोक्यावर चालतं. या चार-आठ दिवसांत आई आपल्या लेकीकडे ज्या नजरेनं पाहते, तिला मी या मुलखाच्या मानसिक आरोग्याच्या इतिहासाचं पहिलं पान मानतो. लेक अर्धी भाकरी ताटात टाकते. कोंबडा आरवायच्या आधी अंथरुणात उठून बसलेली असते. झोक्यावर बसते पण गात नाही, वेणी घालायचा कंटाळा करते, लेकरू रडत असलं तरी तिचं तिकडे लक्ष नसतं. आई शेजारणीला अहिराणीत सांगते, ‘तिना जीव लागत नही.’ आता मानसोपचाराच्या पुस्तकातली नैराश्याची लक्षणं यासमोर ठेवून बघा: मन सतत उदास, पूर्वी आवडायचं त्यातही रस नाही, झोप उडालेली किंवा फार वाढलेली, भूक आणि वजन बदललेलं, अंगात त्राण नाही, हालचाल मंदावलेली किंवा उगाच अस्वस्थ, लक्ष लागत नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं, मरणाचे विचार येतात. यांपैकी किमान पाच, त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी, दोन आठवडे जवळजवळ रोज, आणि रोजचं काम अडेल इतकी. आईनं त्यातली चार-पाच पुस्तक न उघडता टिपलेली असतात.

तरीही ‘नैराश्य हा शहरी लोकांचा आजार, आपल्या आजोबा-पणजोबांना कुठे होतं असलं काही,’ हे वाक्य खेड्यापाड्यांत आणि शिकलेल्या घरांतही सर्रास बोललं जातं. त्यामागे एक ऐतिहासिक दावा दडलेला आहे, आणि तो चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. साक्रीच्या परिसरात उदासीची ओळख जुनी आहे, तिच्यासाठी मदत मागण्याची रीतही जुनी आहे. लाज आणि लपवाछपवी त्यामानानं नवी आहे, आणि ती कशी आली हे कागदोपत्री दाखवता येतं. हे समजून घेतल्याशिवाय ‘मदत घ्या’ असं नुसतं सांगत राहण्यानं फारसं काही साधणार नाही.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याची ठेवण आधी लक्षात घ्यायला हवी. ब्रिटिश काळात हा तालुका पिंपळनेरच्या नावानं ओळखला जाई. पूर्वेला पांझरा-कानच्या काठची बागायती गावं, मध्ये भामेरच्या किल्ल्याचा कोरडा डोंगराळ पट्टा, आणि पश्चिमेला कोंडाईबारीच्या घाटाकडे सरकत जाणारा भिल्ल, कोकणा, मावची यांचा मुलूख. तालुक्याच्या गावाला रेल्वे कधी आली नाही, आजही नाही. धुळे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. पश्चिमेच्या पाड्यांवरून तर साक्रीला पोचणंच एक दिवसाचं काम असे. अशा ठिकाणी जीव लागत नसलेल्या माणसाला कुठे नेणार? भगताकडे, म्हणजे गावातल्या देवऋषी-मांत्रिकाकडे. तो चालत जाण्याच्या अंतरावर असे, तीच भाषा बोलत असे आणि अर्ध्या रात्रीही उठून दार उघडत असे.

भगताच्या ओसरीवर काय चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. दुखणाईतावरून उतरवलेले धान्याचे दाणे सुपात टाकतात. दिव्याच्या उजेडात भगत चिमूटभर दाणे उचलतो, दोन-दोनच्या जोड्या लावतो, आणि शेवटी एकटा दाणा उरला की जोडी पुरी झाली यावरून कौल सांगतो. पण दाणे मांडता मांडता तो विचारत असतो: कधीपासून असं होतंय, झोप येते का, जेवण जातं का, घरात कुणाशी वाजलं का, कुणी गेलंय का, नवस राहिलाय का. भोवती घरचे, भाऊबंद, शेजारी बसलेले असतात आणि सगळ्यांच्या देखत ही विचारपूस होते. निदान ‘बाहेरचं’ निघतं, देवाचा कोप निघतो किंवा पितरांचं काही राहिलेलं निघतं. शास्त्राच्या कसोटीवर यातलं काहीच टिकत नाही. तरी या पद्धतीत एक गोष्ट होती जी पुढे आलेल्या सरकारी व्यवस्थेत कित्येक पिढ्या नव्हती: दुखणं माणसाचा दोष मानलं जात नसे. ते बाहेरून आलेलं, म्हणून त्याबद्दल बोलण्यात कमीपणा नव्हता, आणि ते घालवणं हे सगळ्या घराचं काम होतं. मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव याच वळणाचा. कोकणा आणि भिल्ल गावांत पावरीच्या सुरावर रात्ररात्र फेर धरतात, अंगात वारं येतं, पौर्णिमेला डोंगर चढतात. वर्षभर आतल्या आत कोंडलेलं माणूस तिथे चारचौघांत थरथरू शकतं, रडू शकतं, आणि गाव त्याला सावरून धरतं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1922 च्या देवी-चळवळीचा अभ्यास केला आहे. ती दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी पट्ट्यात पसरली, आणि अंगात येणाऱ्या देवीच्या तोंडून लोकांनी दारू सोडण्याचे, सावकार-जमीनदारांपासून दूर राहण्याचे हुकूम ऐकले. दुःख सांगण्याची भाषा म्हणून ‘अंगात येणं’ किती दूरवर पोचू शकतं, याचा हा पुरावा आहे.

इथे आक्षेप येणारच, आणि तो यायलाच हवा: हे भगतांचं गौरवीकरण झालं. त्याच भगतानं कुणा म्हाताऱ्या विधवेकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवलं, तेव्हा काय झालं? खानदेश आणि माळव्यातल्या भिल्ल मुलखात डाकीण म्हणून बायकांना छळल्याच्या, मारल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केल्या आहेत, आणि सातपुड्याच्या पट्ट्यातून अशा तक्रारी आपल्या काळापर्यंत येत राहिल्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, तापलेल्या सळईचे चटके देणं हे इतकं होतं की महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ते स्वतंत्रपणे लिहावं लागलं. कोंबडं, बोकड, नवस, प्रवास यांत घरं कर्जात गेली आणि आजार मात्र वाढत राहिला. हे सगळं खरं आहे आणि त्याची भरपाई कुठल्याही सांस्कृतिक कौतुकानं होत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. लोक भगताकडे गेले याचाच अर्थ त्यांनी लक्षण ओळखलं होतं आणि मदत मागितली होती. मदत चुकीची मिळाली. अडाणीपणाचा ठपका ज्यांच्यावर ठेवला जातो त्यांच्यासमोर दुसरा कुठला रस्ता होता, हे पाहिल्याशिवाय निकाल देणं अन्यायाचं आहे.

दुसरा रस्ता 1858 चा होता. त्या वर्षीच्या 36 व्या अधिनियमानं ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था बांधली. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा दिसला की पोलिसानं त्याला पकडावं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं त्याची रवानगी व्हावी. 1912 च्या कायद्यात स्वतःहून दाखल होण्याची सोय आली, पण लोकांच्या मनातलं दार पोलिस आणि कचेरीचंच राहिलं. हा 1912 चा कायदा 1993 पर्यंत चालला, कारण 1987 चा नवा कायदा त्या वर्षी अमलात आला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची 45 वर्षंसुद्धा. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी इथली. नागपूरचं 1864 सालचं, ठाण्याचं 1901 सालचं. खानदेशात एकही नाही. साक्रीच्या माणसाला येरवडा म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, परकी बोली, उंच भिंत, आणि परत येण्याची खात्री नाही. ‘येरवड्याला पाठवा’ ही मराठीतली शिवी अशी तयार झाली. त्या भीतीला अंधश्रद्धा म्हणता येत नाही; ती व्यवस्थेच्या अनुभवातून आलेली होती. घरात कुणाचं मन बिघडलंय हे एकदा बाहेर फुटलं की पोरीचं लग्न जमणार नाही हा हिशेबही याच काळात पक्का झाला, कारण आता ‘मन बिघडलं’चा अर्थ ‘वेडा’ असा एकच उरला. भगताच्या ओसरीवर जे चारचौघांत विचारलं जात होतं, ते आता दार लावून लपवायचं झालं.

या व्यवस्थेनं आणखी एक घोळ केला, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत. त्यांत उन्मादाचे रुग्ण भरमसाट आणि विषण्णतेचे त्यामानानं थोडे. कारण उघड आहे. पोलिस कुणाला पकडणार? जो ओरडतो, दगड मारतो, रस्त्यावर नागडा फिरतो त्याला. जी बाई चुलीपुढे बसून राहते, बोलत नाही, खात नाही, तिला कोण मॅजिस्ट्रेटपुढे नेणार? तिची नोंद कुठल्याच तक्त्यात आली नाही. आणि तक्त्यात नाही म्हणून ‘इकडच्या साध्या लोकांना विषण्णता फारशी होत नाही’ असा निष्कर्ष वसाहतींतल्या डॉक्टरांनी काढला. आफ्रिकेबद्दल जे. सी. कॅरोथर्स यांनी 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तकात हेच म्हटलं होतं. ‘आजोबांना कुठे होतं असलं काही’ या आपल्या घरगुती वाक्याची आणि त्या साहेबी निष्कर्षाची चूक एकच आहे. दोघंही नोंद नसण्याला आजार नसणं समजतात. या चुकीचं सावट अजूनही गेलेलं नाही. देशाचं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं 12 राज्यांत केलं. गुजरात आणि मध्य प्रदेश, खानदेशाचे हे दोन्ही शेजारी, त्यात होते. महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या दर शंभरांतले सुमारे 85 जण उपचारांपासून दूर आढळले.

शिकलेल्यांकडे तरी शब्द होते का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ‘विषाद’ हा शब्द चरकसंहितेतल्या वाताच्या 80 विकारांच्या यादीत आहे, म्हणजे आपल्या वैद्यकानं त्याला आजारांत जागा दिली होती. पण मराठी माणसाला तो भेटतो गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावात, आणि तिथे त्यावरचा उपाय म्हणजे उपदेश. याच जिल्ह्यात, धुळ्याच्या तुरुंगात, 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. पहिलं प्रवचन अर्थातच अर्जुनाच्या विषादावर. ती प्रवचनं टिपून घेणारे कैदी होते साने गुरुजी, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवलेले, खानदेशानं आपले मानलेले. 11 जून 1950 रोजी वयाच्या 50 व्या वर्षी त्यांनी आपलं जीवन स्वतः संपवलं. त्यावर मराठीत गेली 75 वर्षं लिहिलं गेलं ते बहुतेक भ्रमनिरास, देशाची निराशा, हळवेपणा या शब्दांत. मेलेल्या माणसाचं निदान इतक्या वर्षांनी करू नये हे मला मान्य आहे. पुरेसा पुरावाही नाही आणि तो अधिकारही कुणाला नाही. पण एवढं म्हणता येतं की इतका वाचला गेलेला, इतका प्रेमाचा माणूस गेला आणि तरी ‘हा कदाचित उपचार होण्यासारखा आजार असेल’ ही शक्यता मराठी मनानं विचारात घेतली नाही. त्या वेळी उपचारही तोकडेच होते. नैराश्यावरचं पहिलं मोठं औषध, इमिप्रामिन, 1957 मध्ये जाहीर झालं. त्यानंतर मात्र ती सबब राहत नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो चळवळीतल्या माणसांकडून येतो: साक्रीतल्या माणसाचं दुखणं पावसाचं, कर्जाचं, कामाचं आहे, त्याला आजार म्हणून गोळ्या देणं म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा त्याच्या मेंदूवर ढकलणं. यात तथ्य आहे. तालुक्याचा मोठा भाग अवर्षणाचा. भाडण्याचा पांझरा-कान सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला, आणि याच मुलखातली माणसं ऊसच तोडायला दक्षिण गुजरातेत जातात. यान ब्रेमन या समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकापासून बारडोली भागातल्या ऊसतोड मजुरांवर लिहिलं आहे, आणि त्यांतले कितीतरी खानदेशातून गेलेले. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने पालात काढायचे. पण हाच पुरावा नीट वाचला तर आक्षेपाचा दुसरा भाग टिकत नाही. मार्गशीर्षात गावात डोंगऱ्यादेवाचा फेर धरतात तेव्हा कित्येक तरुण जोडपी उसाच्या फडात असतात. आखाजीला लेक माहेरी येते तेव्हा कधी आईच अजून परतलेली नसते. ज्या नजरांनी बदल टिपला असता त्या नजराच पांगल्या. गरिबीनं दुःख वाढवलं आणि दुःख ओळखणारी माणसंही हिरावून नेली. म्हणून काम, पाणी आणि मजुरीची लढाई लढायचीच, पण ज्याची झोप उडालीय त्याला त्या लढाईच्या निकालापर्यंत थांबवून ठेवता येत नाही. कर्ज फिटलं तरी नैराश्य आपोआप उतरतंच असं नाही. आणि नैराश्य उतरलं तर माणूस कर्जाशी झुंजायला निदान उभा तरी राहतो.

उपचार म्हणजे फक्त गोळी हेही खरं नाही, आणि याचे पुरावे मराठी-कोंकणी मुलखातलेच आहेत. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक केलं, आणि त्यांच्याशी सहा-आठ वेळा ठरवून केलेल्या बोलण्यानं तीव्र नैराश्यही उतरतं हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं हीच वाट धरली. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातली ही गावं, तीच गरिबी, तोच कापूस. लोक मदत घेत नाहीत हा आरोप तिथे खोटा ठरला. घराजवळ, आपल्या भाषेत, लाज न आणता मदत ठेवली तर लोक येतात.

आणि भगत? त्याला हुसकावून लावणं हा एक मार्ग झाला. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मेले, तेव्हा सगळा देश अशी ठिकाणं बंद करा म्हणाला. गुजरातनं मात्र दुसरा प्रयोग केला. मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा-दुआ’ नावानं मानसोपचार केंद्र चालू झालं. मुजावर प्रार्थना करतो आणि रुग्णाला बाजूच्या डॉक्टरांकडेही पाठवतो. मला हा मार्ग साक्रीच्या पश्चिम पट्ट्यासाठी जास्त योग्य वाटतो, मात्र एका अटीवर. मारहाण, साखळी, चटके आणि डाकिणीचा कौल यांना कायद्यानं जराही सवलत मिळता कामा नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली आहे. याच कायद्याच्या 115 व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. 1858 पासून जे दार पोलिसाचं होतं, ते कागदावर तरी आता दवाखान्याचं झालं आहे.

ते दार साक्रीत कुठे आहे हे सांगून थांबतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस घरातल्या कुणाचा जीव लागत नसेल, डोकं जड, अंग दुखतं, छातीत कसंतरीच होतं अशा तक्रारी तपासण्यांत काही न निघता चालूच असतील, बाळंतिणीचं बाळाकडे लक्ष नसेल, तर त्या माणसाला साक्री किंवा पिंपळनेरच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा आणि ‘मनाचा त्रास आहे’ असं स्पष्ट सांगा. पुढची सोय धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. तो मरणाबद्दल बोलत असेल तर एकटं सोडू नका, आणि ‘मरायचा विचार येतो का’ असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार वाढत नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक 14416, फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.